तीन रात्रींच्या लेंड्या

पुंजाराम धनगराला त्या सकाळी दोघांनी मिळून उठवलं. रामराव हात जोडून उभा होता आणि भगवंतराव काठी घेऊन.

ठरलं होतं ते असं. भगवंतरावाच्या वावरात तीन रात्री मेंढ्या बसवायच्या, लेंड्यांचं खत त्याचं. बदल्यात त्यानं तीन रात्रींची ज्वारी द्यायची आणि पेरणीनंतरही मेंढ्यांना नाल्यावर जायला वाट सोडायची. वाट मिळाली नाही तर कळप घेऊन पुंजारामाला गाव सोडावं लागणार होतं, आणि गाव चार पिढ्यांचं होतं. भगवंतराव कापूस घेऊन अमरावतीला गेला, चौथ्या दिवशी परतला, तर मेंढ्या बसलेल्या शेजारच्या रामरावाच्या वावरात. निदान रामराव तसं म्हणत होता.

पुंजारामाला तरी काय दोष द्यायचा? साता समुद्रापलीकडं कुठं लढाई जुंपली आणि कापसाला असा भाव आला, की बाळापुराकडच्या लोकांनी तुळशीवृंदावन तेवढं सोडून सगळीकडं पऱ्हाटी लावली. या दोन वावरांमधली पांदण, म्हणजे गुराढोरांची सगळ्या गावाची जुनी रुंद वाट, दोघांनी दोन्हीकडून नांगरून गिळली. तिच्या कडेची बाभूळही तोडली. आता कुणाचं वावर कुठं संपतं ते देवालाही सांगता आलं नसतं.

"लेंड्या उचल अन् माह्या वावरात टाक," भगवंतराव म्हणाला.

एका लेंडीला हात लावून तर पाहा, असं रामरावानं बजावलं. पुंजारामाच्या बायकोनं, शकुननं, टोपली तीनदा भरली आणि तीनदा रिकामी केली. मग भगवंतरावाला नवीनच सुचलं: लेंड्या पडल्या ती जमीनच आपली. झालं, चंद्रभान पाटलाला बोलावणं गेलं.

पाटील आधीच धास्तावलेला. आठ दिवसांत सरकारी मोजणीवाले येणार होते. त्यानं हद्द विचारली, तर दोघांनीही समोरच्याच्या वावरात बोट दाखवलं.

या गोंधळात मेंढ्या तहानेनं ओरडायला लागल्या. पुंजारामाचा जीव कळवळला. त्यानं कळपाभोवतीची जाळी उचलली. म्होरकी मेंढी नाल्याकडं निघाली, तिच्यामागं सगळी रांग. अर्ध्यावर ती थांबली, जुन्या सवयीनं अंग घासायला कलली आणि धप्पकन आडवी झाली. बाभूळ होती कुठं तिथं?

पाटलानं पायानं माती उकरली. खाली बाभळीचा बुंधा निघाला. त्यानं बुंध्याकडं पाहिलं, मग लेंड्यांच्या लांबलचक पट्ट्याकडं.

"मेंढ्या पांदणीतच बसल्या बाप्पा. खत ना तुह्यं, ना त्याचं," तो म्हणाला. "पांदण आजच मोकळी करा, नाई तं माही पाटिलकी जाते."

वाट मिळाली, गाव राहिलं; शकुनला तिथंच रडू आलं. टोपलीतल्या लेंड्या तिनं मोठ्या मानानं पांदणीत ओतल्या.

पाऊस झाला आणि पांदणीवर गुडघाभर गवत आलं. शेजारच्या दोन्ही पऱ्हाट्या मात्र बेतास बात. भगवंतराव एक दिवस कडेला येऊन उभा राहिला.

"तीन रात्रीची जवारी मी देल्ली तुले, पुंजाराम. हे गवत माह्या जवारीचं हाये."

"तरीच," पुंजाराम म्हणाला, "मेंढ्याईले गोड लागून राहिलं."