मैनेच्या पोटातली पीं-पीं

"मॅडम, तुमच्या यंत्राला म्हशीच्या पोटातला खिळा सापडेल का?"

प्रश्न माझा नव्हे हं! संयोगितानं पैज लावली होती, "क्रांते, विचारून दाखव! आठवडाभर तुझा गृहपाठ मी लिहीन!" मग काय, राहिले उभी! सगळी नववी खिदळली. पण सांगलीहून व्याख्यानाला आलेल्या ब्राह्मी मॅडम खूश. म्हणाल्या, "वा! सापडू शकेल, पण..." पुढं त्या बरंच काही सांगत होत्या. मला ऐकायला सवड कुठं? मी टाळ्या घेत होते!

यंत्र म्हणजे काडेपेटीएवढी डबी. आत एकमेकांना चिकटलेले दोन पातळ पापुद्रे. चुंबक जवळ आला की पहिला पापुद्रा अंग ताणतो, तेही केसाच्या हजाराव्या हिश्शाहून कमी! त्यानं दुसरा ओढला जातो आणि वीज सोडतो. मी आणि धाकटी पूजा एका वाकळेत झोपतो ना, तस्सं! हातपाय ताणते ती, बोंबलते मी. वीज आली की डबी पीं-पीं करते.

मॅडमनी डबी चार दिवस शाळेला दिली आणि सरांनी ती सांभाळायला माझ्याकडं. मी तरंगतच घरी आले.

घरी आमची मैना म्हैस दोन दिवस वैरणीला तोंड लावत नव्हती. माझे आबा सुभेदार. तीन महिन्यांपूर्वी फौजेतून रिटायर झाले, पण ऑर्डर सोडायचे थांबले न्हाईत! "उद्या सकाळपर्यंत खाल्लं न्हाई, तर बाजार दाखवायचा हिला!"

माझ्या हातचा गूळ चाटत मोठी झालेली मैना, आणि बाजारात?

"थांबा आबा! पाच मिनटांत रोग सांगते!"

डबी मैनेच्या पुढच्या पायामागं, पोटाखाली धरली. पीं! पीं! पींऽऽऽ! मैनासुद्धा मान वळवून बघायला लागली.

"आबा, लोखंड! लय मोठं!"

शेजारच्या सुलाबाई कुंपणावरून ऐकत होत्या. तेवढं पुरलं! त्यांच्या दारातून निघालेला खिळा देवळापाशी विळा झाला आणि पारावर पोचेपर्यंत नांगराचा फाळ! अर्ध्या तासात दूध डेअरीवरनं वीरधवलदादाचा फोन.

"सुभेदार, तुमचं दूध आज ठिवा घरीच."

"का रं?"

"आवं, फॅट मोजू का गंज?"

आबांनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. गोठ्यापुढं जत्रा भरली. "पोट फाडावं लागतंय," सुलाबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या. मी मैनेच्या गळ्यात पडून रडायच्या बेतात!

डॉक्टरांनी खिशातनं साधं होकायंत्र काढलं आणि मैनेच्या पोटाजवळ धरलं. सुई गर्रकन फिरली. माझी डबी एकदम केविलवाणी दिसायला लागली.

"सुभेदार, आत लोहचुंबक आहे. कुणी घातला?"

"चुंबक? माझ्या म्हशीत?" आबांच्या मिशा थरथरल्या. "ह्ये शत्रूचं काम हाय!"

तेवढ्यात शेतातली भांगलण आटपून आई आली. "शत्रू कशाला? मीच घालायला लावलाय! तुमी लडाखला व्हता तवा. पोटात गेलेलं खिळं, तारा त्यालाच चिकटून बसत्यात, टोचत न्हाईत."

"मला सांगायचं व्हतं की!"

"आवं, पाच मिनटं फोन लागायचा तुमचा. त्यात म्हशीचं पोट सांगत बसू?"

तेवढ्यात माझ्या मागनं संयोगितानं वही पुढं केली. मॅडमचं उत्तर तिनं जसंच्या तसं उतरवलं होतं: 'सापडू शकेल, पण चुंबक असेल तरच नक्की. साधा खिळा फार अवघड.' टाळ्या फार महागात पडल्या!

"मग ही खात का नाही?" डॉक्टरांनी पोट दाबलं. "गच्च झालंय. परवा काय घातलं हिला?"

आबा गोठ्याचे पत्रे मोजायला लागले.

"जवानाला कधी डबल राशन देत्यात, तसं... घमेलंभर पेंड जादा."

"घमेलंभर?" आई.

"तीन."

गर्दी अशी हसली, की मैना दचकली! डॉक्टरांनी औषध पाजलं. दिवस मावळायला तिनं उसाच्या वाड्याचं एक पान ओढलं, मग दुसरं. बाजार रद्द! मी तिच्या कपाळाचा मुकाच घेतला.

मग डबी पुसत बसले. बिचारी एक अक्षर खोटं बोलली नव्हती. एवढ्या जाड कातड्यातनं, तीन घमेली पेंडीतनं तिनं बोटाएवढा चुंबक हुडकला होता. चुकली ती मी!

जेवताना मी ताटावर हात ठेवून जाहीर केलं, "आई, आबा, माझं ठरलंय. दहावी झाली की सांगलीला जाऊन सायन्स घेणार. साधा खिळासुद्धा ओळखणारी डबी मीच बनवणार. आणि आबा, ती होईपर्यंत पेंडीच्या खोलीची किल्ली माझ्याकडं!"