लांब भात्याचा कॅमेरा

एका जंगलात, बाळांनो, एक हत्तीणआजी राहायची. तिची लाडकी नात लग्न ठरून पलीकडच्या जंगलात जाणार होती.

"ती जायच्या आधी सगळ्यांचा मिळून एक फोटो हवा," आजी म्हणाली. "पुन्हा भेट होईल न होईल."

जंगलाचा फोटोग्राफर होतं एक वटवाघूळ. मोठ्या कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर चित्र उलटं उमटतं. वटवाघळाला ते सुलट दिसायचं, म्हणून नोकरी त्यालाच मिळाली.

अडचण एकच होती. मोकळी जागा लहान, हत्ती मोठे आणि मागे सरकावं तर मगरींचं डबकं. आधीचा फोटोग्राफर बोकड होता. तो मागे सरकला होता.

"वाइड लेन्स आहे माझ्याकडे, जवळूनही सगळे मावतील," वटवाघूळ म्हणालं. "तिला चालेलसा स्वस्त कॅमेरा तेवढा आणा."

आजी मुंगूसशेठच्या दुकानात गेली. सल्ल्याला करकोचे गुरुजींना घेऊन गेली. ज्याची मान लांब तो तज्ज्ञ, अशी त्या जंगलात पद्धतच होती.

मुंगूसशेठने एक बुटका कॅमेरा पुढे केला. "आजी, हा घ्या. वाइड लेन्स काचेच्या अगदी जवळ न्यावी लागते. याचा भाता मऊ आहे, पार चपटा होतो. आणि स्वस्तही आहे."

भाता म्हणजे लेन्स आणि काच यांच्या मधली घड्यांची पिशवी. बाजाच्या पेटीला असतो तसा.

गुरुजी हसले. "दुकानदार स्वतःहून स्वस्त माल दाखवतोय! यात नक्की काहीतरी गडबड आहे. तो वरचा काढा, लांबलचक भात्याचा."

"गुरुजी, त्याचा भाता मिटत नाही. खालची फळीही लांब आहे, ती फोटोत येईल."

"मिटायला कशाला हवा? लांब आहे ना?"

आजीला पटलं. तो कॅमेरा तर त्याहून स्वस्त निघाला. कुणी घेतच नव्हतं.

फोटोच्या दिवशी कळप ओळीत उभा राहिला. मधोमध आजी, शेजारी नात. वटवाघूळ फांदीला लटकून काचेत डोकावलं.

"नुसतं धुकं दिसतंय! लेन्स मागे ढकला!"

माकडांनी ढकललं. रेड्याने ढकललं. घड्या काही मिटेनात.

शेवटी आजीच ओळीतून बाहेर आली. कडेला उभं राहून तिने सोंडेने भाता दाबून धरला.

"आता कसं लख्ख! आजी, सोडू नका हं!"

आजीने सोडलं नाही.

फोटोत निम्मी जागा कॅमेऱ्याच्याच फळीने खाल्ली. तिच्यावर अख्खा कळप उभा. आजी तेवढी नाही.

"फळी काय सुरेख आलीय!" गुरुजी म्हणाले.

नात तो फोटो घेऊन सासरी गेली. तिथे सगळे विचारतात, "यात तुझी आजी कुठली गं?" ती कडेला आलेलं सोंडेचं धुरकट टोक दाखवते आणि रडते. मला फार वाईट वाटतं, बाळांनो. पण यात कॅमेऱ्याचा काय दोष?

तो कॅमेरा हल्ली वडाखाली मांडून ठेवलाय. बघायला रोज गर्दी होते. गुरुजी माहिती सांगतात.

तात्पर्य : कामाला येणारी वस्तू कधी घेऊ नये. तिने काम होऊन जातं आणि वडाखाली मांडायला काही उरत नाही.