चाळीस खिळ्यांचं कलादालन

श्रीरामपूरच्या सामुदायिक कलादालनात एकूण चाळीस खिळे आहेत. ही बाब दप्तरी नोंदलेली असून तिच्याविषयी कोणाचंही दुमत नाही. दालन म्हणजे पूर्वीचं कापसाचं गोदाम. भिंती दगडी, चुन्यात बांधलेल्या. दालन सुरू होताना चाळिसावा खिळा ठोकला, तेव्हा भिंतीतून मूठभर चुना निघून अध्यक्ष गोरक्षनाथ तात्यांच्या नव्या जाकिटावर पडला. समितीने त्याच दुपारी ठराव क्रमांक तीन मंजूर केला: वास्तूच्या सुरक्षिततेस्तव यापुढे एकही नवा खिळा ठोकू नये.

चहा झाल्यावर ठराव क्रमांक चार झाला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एका स्थानिक कलाकाराचं प्रदर्शन भरवावं, आणि प्रत्येक उद्घाटनाचा समूहफोटो दालनात कायमस्वरूपी लावावा. दोन्ही ठराव एकमताने झाले, दोन्ही शहाणपणाचे होते. ते एकत्र वाचायचं मात्र कोणाला सुचलं नाही, कारण इतिवृत्तात एका पानावर एकच ठराव लिहायची पद्धत आहे.

पहिल्या कलाकाराला चाळीस खिळे मिळाले, दुसऱ्याला एकोणचाळीस. वर्षभराने कलाकार मोजकीच चित्रं आणू लागले. तिसऱ्या वर्षी तर स्थानिक साप्ताहिकाच्या कलासमीक्षकाने लिहिलं की, श्रीरामपूरच्या चित्रकलेत अलीकडे एक प्रकारचा संयम आला आहे. समितीने तो लेख कौतुकाने कापून फायलीला लावला. भिंतीला लावता आला नाही.

अडतिसाव्या महिन्यात स्टेलाबाईंचा नंबर लागला.

स्टेलाबाई शाळेत चौतीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. इतकी वर्षं त्यांनी लोकांच्या पोरांना कलश आणि नारळ काढायला शिकवलं, आणि घरी स्वतःची चित्रं काढून पलंगाखाली सरकवली. उसाच्या गाडीच्या सावलीत झोपलेली बाई, मे महिन्यातलं ओस रेल्वे स्टेशन, आठवडी बाजारातला कांदा. पण बाईंचा सगळा जीव होता तो एका चित्रात. त्यांच्या आईचा, रोझीबाईंचा, घरात एकही फोटो नव्हता. दवाखान्यात आया म्हणून राबलेल्या बाईचा फोटो कोण काढणार? ती गेल्यावर स्टेलाबाईंनी तिला आठवणीतून काढायला घेतलं, मागच्या पायरीवर बसून मेथी निवडताना. दहा कागद फाडले. अकराव्यावर आई आली. ते चित्र भिंतीवर लागावं आणि चार लोकांनी त्याच्यापुढे उभं राहावं, एवढ्यासाठी त्यांनी तीन वर्षांपूर्वी अर्ज केला होता. बाकीची एकवीस चित्रं सोबतीला होती.

बावीस चित्रं टेम्पोत घालून नवऱ्यासह त्या दालनात पोचल्या, तर चारी भिंतींवरून सदतीस फोटोंतली माणसं त्यांच्याकडे बघून हसत होती. त्यांना सामोरे गेले ते सचिव आदिनाथ सर. हे निवृत्त अव्वल कारकून. त्यांना नियम पाठ होते आणि माणसं फायलीवरून ओळखू येत.

"सर, चित्रं कुठं लावू?"

"एकूण खिळे चाळीस," आदिनाथ सर म्हणाले. "पैकी सदतीस व्यापलेले. तीन रिक्त."

"पण माझी चित्रं बावीस आहेत."

"अर्जात चित्रांची संख्या हा रकानाच नाही, बाई. त्यामुळे ती समितीला माहीत असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही."

"मग पंधरा दिवसांपुरते हे फोटो उतरवा ना."

आदिनाथ सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "फोटो उतरवायचा तर फोटोतल्या प्रत्येकाला नोटीस काढावी लागेल. हरकतीला एक महिना. काही जण मयत आहेत, त्यांचे वारस लावून घ्यावे लागतील. एकोणिसाव्या फोटोत दारातून एक शेळी डोकावलीय, तिच्या मालकाने त्या फोटोवर आधीच हक्क सांगितलाय."

बाईंचे यजमान शलमोन एस.टी.त कंडक्टर होते. ते म्हणाले, "चल स्टेला, तीन तर तीन. उलट्या पावली कशाला जायाचं?" बाईंनी उसाची गाडी, स्टेशन आणि आई अशी तीन निवडली.

सोमवारी सरांचा फोन आला. तीनपैकी एक खिळा खुद्द बाईंच्याच उद्घाटनाच्या फोटोसाठी आरक्षित ठेवावा लागत होता. स्टेशन परत पलंगाखाली गेलं.

बुधवारी पुन्हा फोन. नवव्या प्रदर्शनाला दोन गटांचे दोन उद्घाटक होते. दोघांनी एकच फीत दोन टोकांनी कापली, आणि दोघांनाही मध्यभागी उभं राहायचं होतं म्हणून फोटो दोन निघाले. लागला मात्र एकच. दुसऱ्या गटाचा अनुशेष अडीच वर्षं प्रलंबित होता आणि आता निवडणूक आली होती. उसाची गाडी स्टेशनाशेजारी जाऊन बसली.

बाईंना आतून बरंच वाटलं. "एकच लागायचं असेल तर आईचं लागू दे," त्या म्हणाल्या. "देवाच्या मनातही तेच असेल." त्यांनी त्या चित्राला नवी काच बसवून आणली आणि दिवसातून चार वेळा पुसली.

शुक्रवारी आदिनाथ सर स्वतः घरी आले. राहिलेला खिळा दाराशेजारचा होता, आणि उद्घाटनाची फीत इतकी वर्षं त्याच खिळ्याला बांधली जात होती.

"अहो, पण फीत कापली की खिळा मोकळा होईल ना?" बाईंचा आवाज चढला.

"कसा होईल? कापलेली फीत लोंबती ठेवावी लागते. नाहीतर उद्घाटन झालं याला पुरावा काय?"

"म्हणजे माझ्या प्रदर्शनात माझं एकही चित्र नाही?"

"प्रदर्शन होईलच, बाई," सर समजुतीने म्हणाले. "पत्रिकाही वाटून झाल्यात. अडचण फक्त चित्रांपुरती आहे."

बाईंनी काच पुसायचं फडकं खाली टाकलं. तेव्हा शलमोन कपातला चहा बशीत ओतता ओतता म्हणाले, "येक सांगू का सर? एस.टी.तल्या शिटा भरल्या म्हंजी आमी काय पॅसेंजर उतरवून देत हुतो का? उभ्यानं नेत हुतो. तसं येकेका मानसाच्या हातात येकेक चित्र द्या, न् करा उभं."

सरांनी पिशवीतून नियमावली काढली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. चित्र हातात धरण्यास मनाई करणारा नियम सापडला नाही. ते इतके हबकले की चहा न घेता तसेच गोरक्षनाथ तात्यांकडे गेले.

तात्यांना कल्पना बेफाम आवडली. तातडीची बैठक झाली आणि ठराव मंजूर झाला की, सदर प्रदर्शनासाठी बावीस हंगामी खिळे नेमावेत. हंगामी खिळ्याने सकाळी अकरा वाजता हजर राहावं, आपल्याला नेमून दिलेलं चित्र छातीच्या उंचीवर धरावं, आणि खिळ्याने कायम सेवेत घेण्याची मागणी करू नये. शेवटी तात्यांनी सहज एक वाक्य घातलं: उद्घाटनाच्या फोटोत सर्व हंगामी खिळे समाविष्ट राहतील.

त्या एका वाक्याने गावात आग लागल्यासारखं झालं. बावीस जागांसाठी एकशे चौसष्ट अर्ज आले. दहा जणांनी पुढाऱ्यांच्या चिठ्ठ्या आणल्या. एका गृहस्थाने अनुभवाच्या रकान्यात 'लग्नात अंतरपाट धरला आहे' असं लिहिलं आणि त्याची निवड झाली. बाईंच्या चर्चच्या महिला मंडळाला पाच जागा मिळाल्या, तात्यांच्या भावकीला नऊ. ज्यांची खिळा म्हणून वर्णी लागली नाही, त्या एकशे बेचाळीस जणांनी प्रदर्शनावर बहिष्कार टाकला. आईचं चित्र बाई स्वतः धरणार, हे तेवढं त्यांनी स्वतःही अर्ज भरून, भांडून मिळवलं.

रविवार उजाडला. महिला मंडळ उपासना आटोपून थेट पांढऱ्या साड्यांत आलं. तात्यांची भावकी फेटे बांधून आली. अकराच्या ठोक्याला बावीस चित्रं दालनभर छातीच्या उंचीवर उभी राहिली. बाईंनी आपलं चित्र क्षणभर शलमोनच्या हाती दिलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. पलंगाखालची चौतीस वर्षं अशी ताठ उभी राहिलेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. त्यांना हसू आणि रडू एकदमच आलं.

"आवडलं का?" त्यांनी कांद्याच्या चित्रामागच्या फेट्याला विचारलं.

"मला न्हाई दिसत, बाई. माझ्याकडं पाठ हाय त्याची."

खरंच होतं. धरणाऱ्याला आपलं चित्र दिसत नव्हतं, समोरच्याचं दिसायचं तर मधे सत्काराचं टेबल होतं, आणि बघायला येणारं गाव बहिष्कारावर होतं. कोपऱ्यात झाडू घेऊन उभ्या असलेल्या मनकर्णाबाई तेवढ्या एकेका चित्रापुढे थांबत होत्या. त्या दालन झाडायच्या, त्यामुळे त्यांची गणती प्रेक्षकांत नव्हती.

पाहुणे साडेबाराला आले. फीत कापली. तात्यांनी पाहुण्यांचा, पाहुण्यांनी तात्यांचा आणि मग दोघांनी मिळून आदिनाथ सरांचा सत्कार केला. त्यानंतर ज्यासाठी जग जमलं होतं तो क्षण आला. फोटोग्राफर अमृतने सगळ्यांना तीन रांगांत उभं केलं, डोळा कॅमेऱ्याला लावला आणि परत काढला.

"चित्रं जरा खाली घ्या. तोंडं झाकताहेत."

बावीस चित्रं छातीवरून पोटावर आली.

"आजून थोडी. काचा चमकत्यात, मागच्या रांगेतले फेटे दिसंनात."

चित्रं गुडघ्यांवर आली. मग पुढच्या रांगेतल्या एकाला आपला नवा मोबाईल हातात दिसायला हवा होता, म्हणून त्याने चित्र जमिनीवर ठेवलं. त्याचं बघून शेजारच्याने ठेवलं. पाहता पाहता रांगाच्या रांगा मोकळ्या हातांनी उभ्या राहिल्या. एक चित्र फक्त छातीवर राहिलं. पाहुण्यांच्या उजव्या हाताला, पहिल्या रांगेत, मेथी निवडणाऱ्या रोझीबाई.

"बाई, तुमचाच चेहरा अर्धा झाकलाय," अमृत म्हणाला.

"असू दे. तू काढ."

"उत्सवमूर्तीच दिसणार नसेल तर काय उपयोग!" तात्या म्हणाले. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. मागच्या रांगेत उपाशी पोटांची कुजबुज सुरू झाली, कारण बाहेर भेळ निवत होती. शेवटी शलमोनही म्हणाले, "अगं, जलमभर पोरांच्या फोटूत तू कडंला उभी ऱ्हायलीस. आज तुजा दिस हाय. तोंड तर दिसू दे."

बाईंनी एकदा समोर पाहिलं. वर्गाच्या चौतीस फोटोंत त्या खरंच कडेला होत्या. आणि एका क्लिकचाच तर प्रश्न होता. त्यांनी चित्र खाली घेतलं, पदर सारखा केला आणि हसल्या.

क्लिक झाल्यावर सगळे हंगामी खिळे भेळेकडे धावले. प्रदर्शन पंधरा दिवसांचं होतं, ते दोन वाजता आटोपलं.

फोटो बुधवारी लागला. दालनाचं दार उघडायच्या आधीच बाई हजर होत्या. तीन रांगांत पस्तीस चेहरे होते. त्यांतून त्यांनी आधी स्वतःचा शोधून काढला. त्यांचे डोळे मिटलेले आले होते. त्यांनी तिथल्या तिथे अर्ज लिहिला: डोळे मिटल्याकारणाने फोटो बदलून मिळावा. आदिनाथ सरांनी तो वाचून पोच दिली आणि सांगितलं की, त्यासाठी फेरउद्घाटन घ्यावं लागेल व त्या फोटोला खिळा शिल्लक नाही. गुरुवारी बाई पुन्हा येऊन फोटो पाहून गेल्या. शुक्रवारी दोनदा आल्या. जरा लांबून पाहिलं तर डोळे किलकिले वाटतात का, हेही त्यांनी पाहिलं.

शनिवारी त्या फोटोपुढे उभ्या असताना मनकर्णाबाई झाडता झाडता थांबल्या.

"बाई, ती मेथी निवडनारी कोन हुती वो?"

"माझी आई."

"लई जित्ती वाटत हुती बघा. पार हाक मारंल आसं वाटलं. मी फोटूत शोधली तिला. न्हाई दिसली."

बाईंनी तेव्हा पहिल्यांदा फोटोच्या खालच्या कडेकडे पाहिलं. त्यांच्या पदराखाली लाकडी चौकटीचा बोटभर कोपरा दिसत होता, बाकी काही नाही. त्या चार वेळा येऊन गेल्या होत्या आणि चारही वेळा हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. जन्मात एकदा आईचा फोटो निघायची वेळ आली होती, आणि तिला खाली धरणारे हात त्यांचे स्वतःचे होते. बाईंना अतोनात लाज वाटली.

इथपर्यंत वाचून तुम्ही स्टेलाबाईंना बोल लावला असेल. खुशाल लावा. फक्त त्याआधी एक करा. गेल्या सुट्टीत सगळे मिळून भंडारदऱ्याला गेला होतात, किंवा आणखी कुठे. तिथला ग्रुप फोटो तुमच्या मोबाईलमध्ये असेलच. तो न उघडता सांगा, तुमच्या मागे काय होतं? तुमचा चेहरा कसा आला होता, हे विचारलेलं नाही.