गिरजाआत्यांची पापणीपरीक्षा

आधी नमस्कार-चमत्कार ही गिरजाआत्यांची रीतच नव्हती. माणूस समोर आला की ‘शरणार्थ’ म्हणायच्या आधी त्या त्याची खालची पापणी ओढून आत बघत. लाली दिसली तर माणूस बरा. पांढरट दिसली की निकाल लागला, “जंत! बेशक जंत!”

वालूरमध्ये या परीक्षेतून कुणी सुटलं नव्हतं. निजामाचा अंमल तो. तहसिलीचा पेशकार दिसला की गाव रस्ता बदलायचं. आत्यांनी भर बाजारात त्याची पापणी ओढली. तो गुपचूप औषध घेऊन गेला, हे त्या कधी सांगत नसत. मी सांगतो.

औषध म्हणजे पळसाच्या बिया आणि वावडिंग यांचा काढा. चव अशी की जंतांआधी माणूसच पळावा. त्याआधी गुळाचा खडा. “गुळानं जंत पंगतीला बसतेत. मंग वाढायचं!” पण परभणीच्या सरकारी दवाखान्याशी त्यांचं वैर नव्हतं. “डाक्टरची दवा पयली. माजा काढा तिच्या पाठराखणीला.”

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो माझ्याच सोयरिकीत. आम्ही पिंगळीहून त्यांची भाची बघायला गेलो होतो. सगळे मुलगी बघत होते, आत्या मला बघत होत्या. एकदम पुढे आल्या, पापणी ओढली आणि भर बैठकीत म्हणाल्या, “पोरगं गुनाचं हाय. पन पोटात जंत हायेत. बेशक!”

वडील ताडकन उठले. “गाडी जुंपा!”

मुलीचे वडील हात जोडून उभे. मुलगी मला मनापासून आवडली होती आणि सोयरीक डोळ्यांदेखत मोडत होती. आत्या दारात आडव्या आल्या.

“पाव्हणं, सोयरीक मोडायची तर मोडा. पन पोराला दवाखान्यात न्या. सुकायलंय ते.”

थोडं चाललो तरी मला धाप लागायची. लग्नाच्या मुलानं असलं बोलायचं नसतं, म्हणून घरी लपवलं होतं. पण ही बाई सख्ख्या भाचीचं लग्न पणाला लावून उभी होती. मला गप्प बसवेना.

“बाबा, आत्या खरं बोलतात,” मी म्हणालो. वडील माझ्याकडे बघत खाली बसले.

दवाखान्यातलं औषध घेतलं, वर आत्यांचा काढा नाक दाबून प्यालो. अंगावर रंग चढला, आणि लग्नही झालं. मांडवात आत्या वऱ्हाडाला सांगत फिरत होत्या, “नवरदेव आतून धुऊन घेतलाय आमी!” सगळे हसले. मला मात्र अशी आत्येसासू मिळाल्याचा लय अभिमान वाटला, आजही वाटतो.

पंगती उठल्यावर त्या मागच्या दारी डोळे पुसताना दिसल्या.

“आत्या, पिंगळी काय लांब आहे? भाची येत-जात राहील.”

“त्याचं न्हाई, जावईबापू. आमचे मालक बी लग्नात, तुमी आदी व्हता तसेच, पिवळे व्हते. वर्साच्या आत गेले. समद्यांला दिसत व्हतं. पन सोयरीक मोडंल म्हनून कुनी बोललं न्हाई. पाव्हण्यांनी अक्षता टाकल्या, पोटभर जेवले आन घरला गेले.”