चिनी मातीचे चार दिवे

दिव्यांच्या चारही शेड पेंढ्यातून सुखरूप निघाल्या, आणि एकाही भोकात बल्बचा होल्डर जाईना.

"मास्तर, होल नानूं पडे छे," वायरमन शिडीवरून म्हणाला. भोक लहान पडत होतं.

हस्तकलेचे शिक्षक अनंतराव खालीच बसले. चिनी माती भट्टीत आकसते, हे त्यांनी तीन पुस्तकांत वाचलं होतं. पण आकसण्याचा हिशेब आपल्याकडून चुकेल, या भीतीने त्यांनी तो केलाच नाही. होल्डर ओल्या मातीवर ठेवून भोकं कापली. तडकतील म्हणून जाडीही दुप्पट ठेवली. मग वापीकडच्या कपबशीच्या कारखान्यातून शेड भाजून, मांडीवर घेऊन सिल्वासापर्यंत आणल्या.

संध्याकाळी शाळेच्या सभागृहात समारंभाला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. दिवे पाहून खूश झाले, तर अनंतरावांना नोकरीत कायम करण्याचा कागद पुढे सरकणार होता.

"भोक मोठं करा की!" हेडमास्तर भास्करराव ओरडले.

"फुटेल, सर."

"मग उलटे टांगा! वाडग्यासारखे. बल्ब वरून आत सोडा."

तसंच केलं. संध्याकाळी समारंभात दिवे लागले. सगळा उजेड कौलांकडे गेला. वरच्या पाली लख्ख दिसू लागल्या; खाली माणसांना माणसं दिसेनात.

भास्कररावांनी अठरा पानांचा अहवाल उघडला, नाकाला लावला, दूर धरला आणि शेवटी म्हणाले, "तर... शाळा ठीक चालली आहे." साहेबांनीही खिशातून भाषण काढलं, परत ठेवलं. "मुलांनो, अभ्यास करा." टाळ्या थांबेनात.

अनंतराव दाराआड उभे होते. साहेब चाचपडत तिथे पोचले.

"दिवे तुम्ही केले?"

"चुकलं, साहेब."

"अहो, आजचा हा तिसरा समारंभ माझा! पहिल्यांदाच वेळेवर जेवणार. कागद पाठवा, सही करतो. आणि आमच्या मीटिंगच्या खोलीसाठी असेच सहा करा. अगदी असेच हं. सुधारणा नको."

घरी पत्नी कुसुमताईंनी दारातच विचारलं, "झालात का कायम?"

"झालो."

"मग तोंड का असं?"

"एक चूक नकळत झाली, तर दिवसभर घशाखाली घास उतरला नाही. आता तीच सहा वेळा समजूनउमजून करायची. जमेल का मला?"

"न जमायला काय झालं?" ताट वाढत कुसुमताई म्हणाल्या. "सावकाश चुका. आता कोण काढतंय तुम्हाला?"