ग्लॅडिसवहिनींची रेकॉर्ड आणि माझं बोट

अख्ख्या दौंड तालुक्यात रेकॉर्ड वाजवावी तर महेंद्रनं! हे मी नाही, लोक म्हणायचे. लोक म्हणजे कोण, असं खोदून विचारू नका. ज्ञानदेव म्हणायचा, आणि तो माझा पार्टनर होता.

सत्त्याऐंशीपर्यंत आम्ही दोघांनी लग्नं, बारशी, जयंत्या गाजवल्या. ॲम्प्लिफायर त्याचा, रेकॉर्डी माझ्या. मग कॅसेटी आल्या, मी पाटसच्या साखर कारखान्यात टाइम ऑफिसला चिकटलो, आणि रेकॉर्डी पलंगाखाली गेल्या. दोन हजार तीन साली मला पुन्हा हुक्की आली. पण या वेळी टर्नटेबल दोन! एकावरचं गाणं संपतंय तोच दुसऱ्यावरचं सुरू. पूर्वी एकाच मशीनवर रेकॉर्ड बदलेपर्यंत मांडवात दोन भांडणं लागून मिटायची.

"दोन कशाला?" शिलाई मशीनवरून मान वर न करता मायानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, विचारलं.

"हौस गं!"

"मग स्वस्तातली करा."

पुण्यात एका दुकानात नवंकोरं परदेशी टर्नटेबल पाहिलं. किंमत ऐकली आणि मी दुकानदाराकडं पाणी मागितलं. दुसरं एक स्वस्त होतं, पण इतकं हलकं, की जवळ कुणी शिंकलं तरी सुई उडायची. शेवटी जुन्या बाजारात एक सापडलं. वजन दळणाच्या डब्याएवढं, पण फिरायचं झकास!

दुसरं मिळालं राहू गावाला, हौसराव नावाच्या बागायतदाराकडं. त्यानं त्याच्यावर गणपतीच्या डेकोरेशनचं थर्माकोलचं कमळ बसवलं होतं.

"लई जोरात फिरायचं बगा," हौसराव म्हणाला. "आरतीच्या टायमाला पाकळ्या लोकांच्या तोंडावर. न्या तुम्ही! फकस्त आतला पट्टा तुटलाय."

हा पट्टा म्हणजे मोटारीवरून तबकडीला फिरवणारं रबर. तसं रबर दौंडात मिळेना, पुण्यात मिळेना. शेवटी मायानं परकराचं इलॅस्टिक मापानं कापून, टोकाला टोक शिवून दिलं. तबकडी भिरभिरायला लागली! मी मायाला म्हटलं, "तू इंजिनिअर व्हायला पाहिजे होतीस." ती म्हणाली, "झाले असते तर तुमच्याशी लगीन केलं असतं व्हय?"

इथवर सगळं बेस चाललं होतं. मग आले फिलिपभाऊ. रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले, आमचे शेजारी. त्यांच्या प्रिन्सीचं लग्न मे महिन्यात ठरलेलं. त्यांनी पिशवीतून एक रेकॉर्ड काढून माझ्या हातात दिली.

"चर्चच्या गायनमंडळाची हाय. मधलं एक कडवं ग्लॅडिस एकटी गाती."

ग्लॅडिसवहिनी म्हणजे त्यांच्या मिसेस. त्यांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

"पोरगी मांडवात यायला लागली की हे वाजायला पायजे. आईचा आवाज तेवढा तिच्या कानावर पडू दे. डीजेवाला म्हणतो, सीडी आणा. आता सीडी कुठनं आणू? म्हणून त्याला नको म्हणून सांगितलंय. करशील न्हवं?"

"भाऊ, तुम्ही निर्धास्त ऱ्हावा!" मी छातीवर हात मारून म्हणालो. त्या छातीत काय होतं ते देवालाच ठाऊक!

लग्नाच्या दिवशी चर्चच्या आवारात मांडव, दुपारचे बारा, आणि ऊन असं की खुर्चीवर बसलेला माणूस उठताना खुर्ची सोबत यायची. लाइट गेलेली, म्हणून जनरेटर चालू. ज्ञानदेव सोळा वर्षांनी पुन्हा शेजारी, त्याचा ॲम्प्लिफायर बॅटरीवर. प्रिन्सी पांढऱ्या झग्यात, वडिलांच्या हाताला धरून मांडवाच्या तोंडाशी आली. मी हौसरावच्या मशीनवर सुई टेकवली.

पहिलं कडवं फर्स्टक्लास! मग उन्हानं इलॅस्टिक सैल पडलं. आवाज हळूहळू खाली उतरला. ऐन ग्लॅडिसवहिनींचं कडवं सुरू झालं, आणि वहिनी हवालदारासारख्या गायला लागल्या!

"व्होल्टेज कमी पडतंय!" नवऱ्या मुलाचे मामा रॉबिनराव ओरडले आणि जनरेटरकडं पळाले. "ए पोपट, वाढव की!"

पोपट जनरेटरवाला. त्यानं वाढवला. तोवर मी घाईघाईनं रेकॉर्ड उचलून जुन्या बाजाराच्या मशीनवर टाकली होती. ते थेट मोटारीवर चालायचं. जनरेटर पळाला तशी मोटार पळाली, आणि वहिनी उंदरासारख्या चिरकायला लागल्या! मांडवातले बल्ब पांढरेफेक झाले. एक फुटला. मागच्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. प्रिन्सी निम्म्या वाटेत उभी, डोळे भरलेले. फिलिपभाऊंनी माझ्याकडं बघितलं. त्यापेक्षा त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

"कमी कर!" मी कोकललो.

"आँ?"

"अरे पोपट, कमी कर!"

"एकदा ठरवा की राव!" असं म्हणून पोपटनं जनरेटर बंदच केला.

मशीन थांबलं. पंखे थांबले. मांडव असा चिडीचूप, की मला माझाच घाम ठिबकताना ऐकू येत होता.

तेवढ्यात ज्ञानदेवनं माझ्या बरगडीत कोपर मारलं. "महेंद्र, माझा ॲम्प्लिफायर बॅटरीवर हाय. आवाज निघंल. तू बोटानं फिरव!"

मी सुई पुन्हा वहिनींच्या कडव्याशी टेकवली, रेकॉर्डच्या कडेला बोट ठेवलं आणि फिरवायला लागलो. ज्ञानदेव पुटपुटत होता, "हळू... आता जरा जोरात... हां, असंच!" माया धावत आली, माझ्या कपाळाचा घाम रेकॉर्डवर पडू नये म्हणून पदर धरून उभी राहिली. आणि ग्लॅडिसवहिनी गायला लागल्या. थोड्या हेलकावत, मध्येच दम घेत, पण वहिनीच! प्रिन्सीनं डोळे पुसले, हसली, आणि बापाचा हात धरून पुढं चालायला लागली. मागच्या हसणाऱ्या बायकाही गप्प झाल्या. कडवं संपेपर्यंत माझ्या बोटाचा पार भुगा झाला होता. तरी त्या क्षणी मी मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानले. मायाचे, ज्ञानदेवचे, त्याच्या बॅटरीचे, अगदी पोपटचेसुद्धा!

जेवणाच्या पंगतीत फिलिपभाऊ आले. मी उठून हात जोडले. "भाऊ, माफ करा. लई घोळ झाला."

त्यांनी माझे जोडलेले हात तसेच आपल्या हातात धरले. आणि माझ्या पानात स्वतःच्या हातानं दोन गुलाबजाम जास्त वाढले.

पण झालेली फजिती माझ्या मनातून जाईना. बोनस आला तसं पुन्हा पुण्याला जाऊन, गल्लीबोळ पालथे घालून खरं रबर शोधून आणलं, हौसरावचं मशीन उघडून साफ केलं, स्पीड घड्याळ लावून तपासला. एका रविवारी फिलिपभाऊंना मानानं बोलावून खुर्चीत बसवलं आणि वहिनींची रेकॉर्ड लावली. काय आवाज! एक सूर इकडचा तिकडं नाही.

फिलिपभाऊंनी सगळं कडवं डोळे मिटून ऐकलं. मी कौतुकाची वाट बघत उभा.

"महेंद्र," ते म्हणाले, "मशीन बिघडलंय रं तुझं."

"बिघडलंय? भाऊ, आत्ता तर एकदम करेक्ट झालंय!"

"न्हाई बाबा. ग्लॅडिस एवढी सुरात जल्मात कवा गायली न्हाई. लग्नात ऐकली ती खरी. तू आपलं बोट लाव!"

तेव्हापासून दर रविवारी मी चर्च सुटायच्या आधी नखं कापून बसतो.