गीताबाईंच्या नावावरचा पाय

हर्सूलच्या गीताबाई दाभाडे यांचा डावा पाय गुडघ्याखालून कापण्यात आला, ही गोष्ट त्यांना स्वतःला, त्यांची मुलगी करुणा हिला आणि गल्लीतल्या सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत होती. शासनाला मात्र ती अद्याप कळवण्यात आलेली नव्हती.

साखरेचा आजार जुना. चपलेनं टाच घासली, घासल्याची जखम झाली, जखम काळी पडली आणि अकराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले की पाय की जीव, ते घरच्यांनी ठरवावं. गीताबाईंच्या कानातली फुलं आणि करुणाची चितेगावच्या कंपनीतून घेतलेली उचल, यांनी मिळून जीव निवडला.

गीताबाई बावीस वर्षं ब्लाउज शिवत होत्या. मशीन पायाची. एकट्या उजव्या पायानं पायडल मारलं की चाक मध्येच उलटं फिरायचं आणि दोरा तुटायचा. लग्नसराई तोंडावर आली तशी गिऱ्हाइकं आपापली कापडं हळूच परत नेऊ लागली. जखम भरल्यावर मायलेकी कृत्रिम पायाच्या दुकानात गेल्या. दुकानदारानं तीन पाय टेबलावर मांडले आणि नवा मोबाईल दाखवावा तसे एकेकाचे गुण सांगितले. सर्वांत स्वस्त पायाची किंमत ऐकून गीताबाई म्हणाल्या, "एवढ्यात तर आख्खा माणूस वर्षभर जगतो."

"व्हय मावशी," दुकानदार म्हणाला, "पण चालत नाय."

सरकारी योजनेत पाय फुकट मिळतो, असं दुकानदारानंच सांगितलं. त्यासाठी अपंगत्वाचा दाखला लागत होता. चार चकरांनंतर गीताबाई दाखला देणाऱ्या डॉक्टरांपुढं बसल्या. डॉक्टरांनी पाय जिथं नव्हता तिथं पाहिलं आणि मग संगणकाकडं पाहिलं. संगणकाचा प्रश्न होता : स्थिती कायमची आहे, की सुधारणा संभवते? 'कायमची' म्हणायला तीन डॉक्टरांच्या सह्या लागत आणि तिसऱ्या डॉक्टरांची जागा दोन वर्षं रिकामी होती. डॉक्टर भले गृहस्थ होते. बाईला रिकाम्या हातानं पाठवायला नको, म्हणून त्यांनी 'सुधारणा संभवते' यावर खूण केली. दाखल्याची मुदत एक वर्ष पडली.

"म्हंजे साहेब, पाय परत यील का?" गीताबाईंनी विचारलं.

"तसं नाही मावशी. पण वर्षानं या, बघू."

योजनेच्या खिडकीवर अप्पाराव नावाचे लिपिक होते. त्यांनी दाखला दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"योजना कायमचा पाय गेलेल्यांसाठी आहे, बाई. तुमचा तात्पुरता गेलाय."

"साहेब, गेला तो गेला. त्यात तात्पुरतं काय असतंय?" करुणा म्हणाली.

"कागदावर सुधारणा संभवते. समजा, उद्या सुधारणा झाली. मग सरकारच्या पायाचं काय करायचं? ऑडिटला मी काय सांगू?"

अप्पाराव हे चेष्टेनं म्हणत नव्हते. त्यांना ऑडिटची खरोखर भीती होती.

अशात एका फाउंडेशननं चाळीस गरजूंना पाय वाटपाचा कार्यक्रम जाहीर केला. मांडव होता, हार होते, प्रमुख पाहुणे होते. पाय घेऊन येणारी गाडी तेवढी आली नव्हती. फाउंडेशनच्या सुयशभाऊंकडं नमुन्याचा एक पाय होता. पाहुण्यांना पुढं दुसरा कार्यक्रम असल्यामुळं तो एकच पाय चाळीस वेळा वाटण्यात आला. अकराव्या नंबरला गीताबाई स्टेजवर गेल्या. पाय पुरुषाचा होता आणि उजवा होता. फोटोवाल्यानं हसायला सांगितलं, त्या हसल्या. खाली उतरायच्या आत बाराव्या लाभार्थ्यानं पाय त्यांच्या हातातून अदबीनं काढून घेतला.

"मावशी, काळजीच नाय," सुयशभाऊ म्हणाले. "तुमच्या मापाचा घरपोच येणार."

पाय घरपोच आला नाही. फोटो आला, लॅमिनेशन केलेला. फाउंडेशननं मात्र एका बाबतीत तत्परता दाखवली. चाळीस जणांची नावं आधार क्रमांकासह त्याच संध्याकाळी सरकारी योजनेच्या पोर्टलवर चढवली.

करुणा रोज सकाळी कंपनीच्या गाडीआधी आईची साखर तपासायची, इन्सुलिन द्यायची आणि औषधाच्या पाकिटावर उरलेल्या गोळ्या मोजायची. गीताबाई खाटेवर बसून हातशिलाई, हुक आणि काज करायच्या. ब्लाउज आता दुसऱ्या बाया शिवत होत्या. "माझं नाव पुसलं गेलं गं," असं त्या एकदाच म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवू लागल्या. करुणानं दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि पुन्हा चकरा सुरू केल्या.

आठ महिन्यांनी तिसरे डॉक्टर रुजू झाले. तीन सह्यांनी गीताबाईंचा पाय कायमचा गेला. तो दाखला घेऊन दोघी अप्पारावांकडं आल्या. अप्पारावांनी नंबर टाकला आणि त्यांचा चेहरा कष्टी झाला.

"बाई, तुमच्या नावावर एक पाय दिसतो."

गीताबाईंनी नकळत खाली पाहिलं. "कुठं?"

"सिस्टममध्ये. लाभ दिलेला आहे. पहिला पाय जमा करा, मग दुसरा देता येईल."

"तो आम्हाला मिळालाच नाय," करुणा म्हणाली.

"फोटो आहे ना. मिळाला नाही असं म्हणायची सोय नाही, पण हरवला असं म्हणता येतं. पोलिसांचा दाखला आणा."

चौकीतल्या हवालदारानं वही उघडली. "काय हरवलं?"

"पाय."

"शेवटचा कधी पाहिला?"

"ऑपरेशनच्या टेबलावर."

"तो नाही मावशी, दुसरा."

"दुसरा हाये की. ह्यो काय."

"सरकारी म्हणतोय मी."

"तो व्हय. तो स्टेजवर पाहिला. दोन मिनटं हातात होता."

हवालदारानं पेन खाली ठेवलं. त्यानं गीताबाईंच्या कुबड्यांकडं पाहिलं, करुणाच्या हातातल्या फायलीकडं पाहिलं आणि काही न विचारता लिहून दिलं : 'अर्जदाराचा डावा पाय गहाळ असून, शोध घेऊनही मिळून आला नाही.' दीड वर्षात गीताबाईंबद्दल सरकारी कागदावर लिहिलेलं पहिलं खरं वाक्य ते होतं.

त्या वाक्यावर पाय मंजूर झाला. दिवाळीनंतर तो आला, डावा आणि मापाचा. पहिले पंधरा दिवस पट्ट्यांनी कातडी सोलली, रडू आलं. खाटेपासून दारापर्यंत, दारापासून मशीनपर्यंत असं करत गीताबाई चालायला शिकल्या. ज्या दिवशी त्यांनी अख्खी शिवण दोरा न तुटता मारली, त्या दिवशी करुणानं ते कापड घडी करून कपाटात ठेवलं, गिऱ्हाइकाला दिलं नाही.

मग एके सकाळी अस्तर आणायला गीताबाई एकट्या गुलमंडीला निघाल्या. सिटी बस भरलेली होती. दिव्यांगांसाठी राखीव सीटवर इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ बसले होते.

"भाऊ, जरा बसू देता का? पाय नाय मला."

गृहस्थांनी साडीच्या काठाखालच्या दोन चपला पाहिल्या. "दोन तर दिसतात."

गीताबाईंनी वाकून डाव्या नडगीवर बोटानं वाजवलं. टक टक असा कोरडा आवाज आला. चार सीटपर्यंत तो ऐकू गेला.

गृहस्थांनी थोडा विचार केला. "हल्ली डुप्लिकेट लई निघालेत," ते म्हणाले आणि मोबाईलमध्ये पाहू लागले.

बसमधले बाकीचे लोक सुशिक्षित होते, भले होते आणि सरकारी कारभारावर मनापासून चिडणारे होते. त्या क्षणी त्या सगळ्यांना खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं. गीताबाई गुलमंडीपर्यंत दांडा धरून उभ्या राहिल्या. बाहेर एवढं काय होतं, ते त्यांना उभ्यानं दिसलं नाही. तुम्ही बसलेले होतात, तुम्हालाच ठाऊक.